मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी: तालुक्याच्या गावी शिबिर कसं घ्यावं

एसटीतले एक कंडक्टर. वय ५२, साखर ११ वर्षांपासून. शिबिराला ते स्वतःसाठी आलेच नव्हते, बायकोला घेऊन आले होते. तिची तपासणी झाल्यावर मी म्हटलं, "आता तुम्ही बसा." तर म्हणाले, "मला कशाला? संध्याकाळच्या गाडीत तिकिटावरचे आकडे वाचतो की." तक्त्यावर वाचायला लावलं, तर दोन्ही डोळ्यांना ६/६, म्हणजे अगदी चांगली नजर. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, फोटो काढला. डाव्या डोळ्यात, जिथून दृष्टीची नस बाहेर पडते त्या गोल चकतीवर, बारीक लाल धाग्यांचं जाळं उगवलं होतं. जुन्या भिंतीत पिंपळाची मुळं पसरावीत तसं. ह्या नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्या की डोळ्याच्या आत रक्त सांडतं आणि माणूस सकाळी उठतो तो अंधारातच. त्या दिवशी मात्र त्यांना सगळं लख्ख दिसत होतं.

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम करते. "आमच्या गावात मधुमेह नेत्र शिबिर घ्यायचंय, काय काय लागेल?" असं विचारायला गणेश मंडळाची पोरं येतात, लायन्सवाले येतात, दवाखाना चालवणारे डॉक्टरही येतात. सगळे पहिल्यांदा कॅमेऱ्याबद्दल विचारतात. कॅमेऱ्याकडे मी येईनच, पण तो या लेखात बराच खाली आहे, आणि ते मुद्दाम.

आधी थोडा हिशेब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. त्यानुसार देशात मधुमेही साधारण १०.१ कोटी. त्यांतल्या किती जणांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला असतो? दिल्लीच्या एम्सने २०१५ ते २०१९ या काळात केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्या मधुमेहींमध्ये हे प्रमाण १६.९ टक्के निघालं, आणि दृष्टीला धोका असलेले ३.६ टक्के. चाळिशीच्या पुढच्यांच्या आणखी एका मोठ्या पाहणीत, २०२२ साली, हेच आकडे १२.५ आणि ४ टक्के आले. कामापुरतं लक्षात ठेवायचं ते एवढंच: १०० मधुमेही तपासले तर १२ ते १७ जणांत काहीतरी सापडतं आणि चारएक जणांना खरोखर घाई असते. तुमच्या शिबिरात १०० मागे एकही सापडला नाही तर गाव निरोगी आहे म्हणून पेढे वाटू नका. बहुधा फोटो नीट आले नाहीत, किंवा ज्यांनी यायला हवं होतं ते आलेच नाहीत.

पहिली पायरी: शेवटचं टोक आधी बांधा

माझ्या पहिल्या शिबिरात आम्ही १९ जणांना "पडदा तज्ज्ञाला दाखवा" अशी चिठ्ठी दिली. दोन महिन्यांनी चौकशी केली, तर पोचले होते ४. उरलेल्यांपैकी एकाच्या घरी चिठ्ठी देव्हाऱ्यामागे जपून ठेवली होती. चूक आमची होती. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, किती पैसे लागतील, यातलं काहीच त्या चिठ्ठीवर नव्हतं.

म्हणून तारीख ठरवण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी पडद्याचे डॉक्टर शोधा. साध्या नेत्रतज्ज्ञांकडे लेसर यंत्र असेलच असं नाही, त्यामुळे फोन करून पाच गोष्टी विचारा. ओपीडी कोणत्या वारी असते? लेसर आहे का? डोळ्यात इंजेक्शन देतात का? डोळ्याच्या आतलं रक्त काढायची शस्त्रक्रिया तिथेच होते की पुणे-मुंबई-नागपूर गाठावं लागतं? आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान कार्डावर यातलं काय बसतं? शेवटचा प्रश्न डॉक्टरांना न विचारता रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, त्याला पक्कं माहीत असतं. मग एक वार ठरवून घ्या: "शिबिरानंतरच्या गुरुवारी आमचे दहा-बारा पेशंट येतील." हे जमत नसेल तर शिबिर पुढे ढकला. आजार सांगायचा आणि उपचाराची वाट दाखवायची नाही, याने माणूस फक्त घाबरतो.

दुसरी पायरी: यादी करा, दवंडी नको

"डोळ्यांची तक्रार असणाऱ्यांनी लाभ घ्यावा" असा फलक लावलात की शिबिर हातचं गेलं. चष्म्याचे नंबर, मोतीबिंदू आणि डोळ्यातून पाणी येणारे आजोबा यांचीच गर्दी होईल. मधुमेहाने पडदा खराब होताना दुखत नाही, लाल होत नाही, आणि बिघाड पडद्याच्या मधल्या भागात शिरेपर्यंत दिसायलाही कमी येत नाही. तक्रार नसलेली माणसंच आपल्याला हवी आहेत. फलकावर लिहा: "साखर आहे? नीट दिसत असलं तरी या."

त्याहून चांगलं म्हणजे नावांची यादी. प्राथमिक आरोग्य केंद्रात असंसर्गजन्य आजारांची नोंदवही असते, तिच्यात बीपी-शुगरच्या गोळ्या नेणाऱ्यांची नावं असतात. तीस वर्षांवरच्यांची तपासणी होते तेव्हा आशाताईंनी भरलेले फॉर्म असतात. गावातल्या खासगी डॉक्टरांकडे जाऊन चहा घ्या, तेही नावं देतात. मेडिकलवाल्याला तर सगळंच माहीत असतं, पण लोकांची माहिती त्याच्याकडून काढू नका. फलक दुकानात लावायला द्या, तेवढं पुरे.

कुणी कधी तपासायचं, याचे नियम सोपे आहेत. प्रौढ वयात होणारा, गोळ्यांवर चालणारा मधुमेह, म्हणजे टाइप २, निदान झालं की लगेच पडदा बघायचा. कारण निदान होण्याआधी साखर कितीतरी दिवस अंगात मुरलेली असते. लहानपणी होणारा, पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागणारा टाइप १ निदानापासून ५ वर्षांनी. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले की पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो. फक्त गरोदरपणापुरती साखर वाढलेली असेल तर मात्र पडद्याच्या या तपासणीची गरज नसते.

यादी मोठी झाली तर आधी कुणाला बोलवायचं? दहा वर्षांहून जुनी साखर. इन्सुलिनवर असलेले. लघवीतून प्रथिनं जातात किंवा किडनी बिघडलीय असं ज्यांना सांगितलंय ते (किडनी आणि पडदा या दोन्हीकडच्या बारीक रक्तवाहिन्यांना साखर सारखीच सतावते). पायाची जखम भरत नाही असे. बीपी कायम चढं असलेले. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ९-१० च्या पुढे असलेले. एक डोळा आधीच गेलेले. आणि आयुष्यात कधीच थेंब घालून तपासणी न झालेले, हा गट सगळ्यात मोठा निघतो. बाकीच्यांना वगळायचं नाही, पुढच्या तारखेला घ्यायचं.

तिसरी पायरी: दिवस, जागा, निरोप

बाजाराचा दिवस टाळा. गर्दी होते हे खरं, पण लोक पिशवी हातात धरूनच बसतात, आणि थेंब घातल्यावर चार-सहा तास धूसर दिसतं हे कळलं की उठून जातात. सकाळी ९ ला सुरू करा. एका कॅमेऱ्यावर तासाला १० ते १२ जणांपेक्षा जास्त नीट होत नाहीत, त्यामुळे दिवसाला ६० नावं पुष्कळ झाली. "आम्ही ३०० जण तपासले" असं वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा मी मनातल्या मनात भागाकार करते.

जागा म्हणजे शाळेच्या दोन खोल्या. एक उजेडाची, तक्ता वाचायला. एक अंधाराची, खिडक्यांना काळं कापड किंवा सतरंज्या टांगून. अंधार जितका चांगला तितकी बाहुली आपोआप मोठी होते आणि थेंबांची गरज कमी पडते.

निरोप देताना आशाताईंनी हे शब्दशः सांगावं: जेवून या, गोळ्या-इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेऊन या. शिबिर म्हटलं की लोक उपाशीपोटी येतात, रक्त काढणार असं धरून. गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही, अशी एक आजी आमच्या रांगेत घामाघूम होऊन कोसळली होती. साखरेचं पाणी पाजल्यावर पाच मिनिटांत बोलायला लागली. शिवाय: जुने कागद, गोळ्यांची पाकिटं आणि चष्मा आणा, गाडी चालवत येऊ नका, बरोबर कुणाला तरी आणा, टोपी किंवा गॉगल आणा.

चौथी पायरी: पहिलं टेबल, प्रश्न

इथे बसवायला गावातलीच व्यक्ती हवी. "साखर किती वर्षांपासून?" याला उत्तर येतं "असंल दोन-तीन वर्षं". खरं वाटत नाही तेव्हा मी विचारते, "पहिली गोळी थोरलीच्या लग्नाआधी सुरू झाली की नंतर?" मग खरे आकडे येतात. "आधीच की! तिच्या लग्नात जिलबी खाल्ली नव्हती मी." लग्न २०११ सालचं.

एवढंच लिहून घ्या: साखर किती वर्षं, गोळ्या की इन्सुलिन, शेवटची एचबीएवनसी किती आणि कधीची, बीपी आहे का, किडनीचं काही सांगितलंय का, याआधी थेंब घालून डोळा तपासलाय का, डोळ्याचं ऑपरेशन किंवा लेसर झालंय का. दोन फोन नंबर: एक त्यांचा, एक घरातल्या त्या माणसाचा जो फोन उचलतो. बीपी तिथेच मोजा. बोटातून रक्त काढून त्या दिवशीची साखर बघायला हरकत नाही, पण ती चांगली आली म्हणून कुणाला परत पाठवू नका. आजची १४० ही आजची आहे, पडद्याचा हिशेब दहा वर्षांचा असतो.

पाचवी पायरी: नजर मोजणं, थेंबांच्या आधी

थेंब घातल्यावर नजर मोजायला गेलात तर मोजमाप बिघडेल, म्हणून क्रम चुकवू नका. ६ मीटर टेपने मोजा आणि जमिनीवर खडूची रेघ मारा. पावलं मोजून अंतर ठरवू नका. लांबचा चष्मा असेल तर तो घालून. एकेक डोळा, दुसऱ्या डोळ्यावर तळहात. बोटांनी झाकलं की फटीतून बघतात, आणि ते फसवायला करत नाहीत, आपोआप होतं. अक्षरओळख नसेल तर चार दिशांना तोंड केलेल्या 'ई'चा तक्ता घ्या. बोटाने दिशा दाखवायची, एवढंच.

६/१२ ची ओळ वाचता आली नाही तर बारीक भोकाच्या झाकणातून, म्हणजे पिनहोलमधून, पुन्हा वाचायला द्या. सुधारलं तर बहुधा चष्म्याचं काम. नाही सुधारलं तर मोतीबिंदू असेल, पडदा असेल किंवा आणखी काही. फोटो कितीही स्वच्छ येवो, पिनहोलनेही ६/१२ पेक्षा कमी दिसणारा माणूस पुढे पाठवायचाच. पडद्याच्या मध्यबिंदूवरची सूज साध्या फोटोत नेहमी कळत नाही, नजर तिची चुगली करते.

आणि चष्म्याची घाई नको. साखर ३०० वरून १५० वर येताना डोळ्यातल्या भिंगातलं पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर बदलत राहतो. साखर काही आठवडे स्थिर होऊ द्या, मग चष्मा करा. नाहीतर दोन महिन्यांत "चुकीचा नंबर दिला" म्हणून भांडण.

सहावी पायरी: थेंब

थेंब घालण्याची जबाबदारी डॉक्टर किंवा प्रशिक्षित नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांचीच. आधी बॅटरी हातात घ्या आणि डोळ्याच्या कानाकडच्या कडेने, आडवा उजेड टाका. पुढची जागा खोल असेल तर बाहुलीभोवतीचा रंगीत भाग नाकाच्या बाजूपर्यंत सगळा उजळतो. जागा उथळ असेल तर नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडते. अशा डोळ्यात थेंब घातल्यावर क्वचित आतला दाब एकदम चढू शकतो. असा माणूस शिबिरात थेंबांशिवाय घ्या आणि नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा. काचबिंदूचं औषध चालू असणाऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब नाहीत.

औषध म्हणून ट्रॉपिकामाइड १ टक्का पुरतं. बाजारात ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण सर्रास मिळतं. त्याने बाहुली छान उघडते, पण फेनिलेफ्रिनमुळे बीपी वाढू शकतं. बीपी खूप चढलेलं, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, अशांना साधं ट्रॉपिकामाइडच. एक थेंब, दहा मिनिटांनी आणखी एक. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवायला सांगा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. २० ते ३० मिनिटांत काम होतं. जुन्या मधुमेहींची बाहुली हट्टी असते, थोडा जास्त वेळ द्या.

ज्यांचा फोटो थेंबांशिवाय नीट येतो त्यांना थेंब कशाला? आम्ही आता सगळ्यांचा एकदा तसाच फोटो काढून बघतो आणि धूसर आला तरच थेंब घालतो. साठीच्या पुढे बऱ्याच जणांना लागतात. थेंब घातलेल्याच्या खांद्यावर रंगीत चिकटपट्टी लावा, म्हणजे पुन्हा कुणी घालणार नाही. घरी जाताना प्रत्येकाला सांगा: आज रात्री डोळा खूप दुखला, लाल झाला, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर उद्यावर ढकलू नका.

सातवी पायरी: फोटो

आता कॅमेरा. टेबलावरचा मोठा असो, हातात धरायचा असो की मोबाइलला जोडायचा, त्यात ४५ अंशांचं चित्र यायला हवं. एका डोळ्याचे दोन फोटो: एक पडद्याचा मध्यबिंदू मध्ये ठेवून, दुसरा नसेची चकती मध्ये ठेवून. आधी उजवा, मग डावा, कायम. हा क्रम मोडला की पाचव्या पेशंटपासून डोळ्यांची अदलाबदल सुरू होते, आणि तिचा शोध थेट लेसरच्या खुर्चीत लागतो. फोटोआधी नाव विचारून कागदाशी ताडा. "तुम्ही शिंदे ना?" असं विचारू नका, दमलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "नाव सांगा" म्हणा.

पापण्या आड येत असतील तर वरची पापणी भुवईच्या हाडावर हलकेच उचलून धरा. एकदा डोळा मिचकवायला सांगा आणि लगेच टिपा. फ्लॅशनंतर बाहुली आक्रसते, ती परत उघडेपर्यंत मिनिटभर थांबा. प्रत्येक फोटोत एकाच जागी धुरकट डाग दिसतोय? तो आजार नाही, भिंगावरचं बोट आहे.

चांगल्या फोटोत मध्यबिंदूजवळच्या बारीक रक्तवाहिन्या मोजता येतात. तेवढं दिसत नसेल तर पुन्हा काढा, दोनदा काढा. तरी नाही आलं तर कागदावर "दिसत नाही, पुढे पाठवणे" असं लिहा. माझ्या पाहण्यातली सगळ्यात महागडी चूक हीच: धूसर फोटो बघून "विशेष काही नाही" असा शेरा. मोतीबिंदूमुळे फोटो येत नसेल, तर त्या मोतीबिंदूमागे काय आहे ते कुणालाच माहीत नसतं.

फोटोत काय शोधायचं? टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हे सगळ्यात आधी येतात. मोठे, कडा पसरलेले लाल डाग म्हणजे रक्तस्राव. चकचकीत पिवळसर कण, वाळलेल्या मेणासारखे, म्हणजे गळतीतून साठलेली चरबी. हे मध्यबिंदूच्या जवळ दिसले तर कान टवकारा. पांढुरके, मऊ कडांचे, कापसाच्या बोळ्यासारखे डाग म्हणजे तिथलं रक्त थांबलंय. आणि चकतीवर किंवा पडद्यावर कुठेही मुळांसारखं बारीक जाळं म्हणजे कंडक्टरसाहेबांच्या डोळ्यात होतं ते.

ज्या डॉक्टरांकडे हातात धरून बघायचं ऑफ्थाल्मोस्कोप आहे त्यांनी तो वापरावा, काहीच न बघण्यापेक्षा बरा. १८५१ साली हेल्महोल्ट्झने हे यंत्र लोकांपुढे आणलं तेव्हा जिवंत माणसाचा पडदा पहिल्यांदाच नीट बघता येऊ लागला. पण त्यातून एका वेळी दिसतो तो पडद्याचा छोटा तुकडा, आणि मागे फोटो उरत नाही.

आठवी पायरी: फोटो वाचायचा कुणी

तीन वाटा आहेत: तिथेच बसलेले नेत्रतज्ज्ञ, लांबून फोटो बघणारे तज्ज्ञ, किंवा संगणक. संगणकाने पडद्याचे फोटो वाचण्याचं काम २०१६ च्या सुमारास गाजू लागलं, त्यात मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचाही सहभाग होता. अमेरिकेत २०१८ साली डॉक्टरांशिवाय निकाल देणाऱ्या अशा पहिल्या यंत्रणेला मान्यता मिळाली. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलवरच्या, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या अशाच यंत्रणेची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे रेंज कशी असते ते माहीत असल्याने मला त्यातलं "इंटरनेटशिवाय" सगळ्यात भावलं.

यंत्राचा फायदा असा, की माणूस खुर्चीत असतानाच निकाल येतो. "रिपोर्ट आठवड्याने" म्हटलं की निम्मे हरवतात. तोटा असा, की ते जे शोधायला शिकवलंय तेच शोधतं. काचबिंदूने पोखरलेली चकती समोर असूनही मधुमेहाच्या यंत्राने "ठीक" म्हटलेलं मी पाहिलंय. म्हणून यंत्राचा निकाल त्याच वेळी घ्या, पण प्रत्येक फोटो आठवडाभरात एका माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या, आणि त्याची सही असू द्या.

नववी पायरी: चार ढीग

आजाराच्या पायऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने पाच आहेत, पण शिबिरात कागदांचे चार ढीग पुरतात.

काहीच नाही, किंवा फक्त दोन-चार लाल ठिपके आणि नजर चांगली: एका वर्षाने पुन्हा. इंग्लंडमध्ये सलग दोन तपासण्या स्वच्छ आल्या तर आता दोन वर्षांनी बोलावतात. तिथे प्रत्येकाला घरी पत्र जातं आणि चुकलेल्याचा पाठपुरावा होतो. आपल्याकडे "दोन वर्षांनी" म्हणजे पाच वर्षांनी, म्हणून मी वर्षच सांगते.

ठिपक्यांच्या पुढे गेलेला, रक्तस्राव किंवा कापसासारखे डाग असलेला: ठरलेल्या गुरुवारी तज्ज्ञांकडे. पुढे किती महिन्यांनी यायचं ते तज्ज्ञ ठरवतील. मध्यबिंदूजवळ पिवळे कण, पिनहोलनेही न सुधारणारी नजर आणि न दिसलेला फोटो याच ढिगात.

नव्या रक्तवाहिन्या, किंवा पडद्याच्या चारी बाजूंना रक्तस्रावच रक्तस्राव: याच आठवड्यात. मार्गदर्शक तत्त्वं थोडी जास्त मुदत देतात. मी देत नाही, कारण आमच्याकडे पेरणी, लग्नसराई आणि ऊसतोड मुदतीत धरलेली नसते.

अचानक काळे धागे तरंगायला लागले, डोळ्यासमोर पडदा सरकल्यासारखं झालं, एका डोळ्याने दिसेनासं झालं: त्याच दिवशी गाडी करून.

दहावी पायरी: सांगायचं कसं

"थोडासा दोष आहे, दाखवून घ्या" हे वाक्य मी आमच्या टीमला बंद केलंय. थोडासा म्हटलं की कुणी जात नाही. फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवा. बोट ठेवा. एका मावशींना मी म्हटलं, "हे पिवळं दिसतंय ना, ही गळती आहे. घरात पाइप गळतो तेव्हा भिंतीला ओल येते, तसं."

"पण मला तर दिसतंय, पोरी."

"म्हणूनच आज सांगते, मावशी. ओल अजून देवघरापर्यंत गेली नाही."

मुलगा मागे उभा होता. तो म्हणाला, "डोळ्यात इंजेक्शन देतात म्हणे?" देतात. डोळा आधी बधिर करतात, सुई केसासारखी असते, आणि आत औषध जातं ते गळती थांबवायला. एकदा देऊन भागत नाही, महिन्या-महिन्याने काही वेळा घ्यावं लागतं, हेही तेव्हाच सांगा. पहिल्यानंतर "फरक नाही" म्हणून सोडणारे फार.

लेसरबद्दल गावात हमखास ऐकू येतं, "अमक्याने लेसर केला आणि त्याची नजर गेली." नजर त्याआधीच जात आलेली असते, लेसर उशिरा होतो. १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात नव्या रक्तवाहिन्यांवर वेळेत केलेल्या लेसरने नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. पण लेसर आहे ते राखतो, गेलेलं परत आणत नाही. रात्रीच्या वेळी थोडं कमी दिसू शकतं. हे आधी सांगितलं की नंतर शिव्या खाव्या लागत नाहीत.

अकरावी पायरी: वही

शंभर पानी, रेघांची. रकाने: नाव, गाव, दोन फोन, उजव्या-डाव्या डोळ्याची नजर, निकाल, कुठे पाठवलं, कोणत्या तारखेला, पोचले का, काय केलं, पुढची तारीख. मोबाइलमध्ये फॉर्म भरा हवं तर, पण "पोचले का" हा रकाना रिकामा दिसला पाहिजे. रिकामा चौकोन डोळ्यात खुपतो.

ठरलेल्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी फोन. शुक्रवारी परत फोन. गेले नसतील तर कारण लिहा. आमच्याकडची कारणं: बरोबर यायला कुणी नाही, गाडीभाडं, "दिसतंय की", जावयाकडे कार्यक्रम. पहिल्या दोन कारणांवर उपाय सोपा निघाला. सहा-सात जणांची एकच जीप केली आणि मंडळाने डिझेल भरलं. त्या वर्षी चिठ्ठी दिलेल्या १६ पैकी १३ जण पोचले. तिसऱ्या कारणावर आमच्या आशाताई फोटोची प्रिंट घेऊन घरी जातात. चौथ्यावर उपाय नाही.

बारावी पायरी: कागद त्यांच्या डॉक्टरांकडे

पडद्याचा निकाल साखरेच्या डॉक्टरांना कळला नाही तर अर्धं काम राहिलं. टाइप १ च्या रुग्णांवरच्या १९९३ सालच्या अमेरिकन अभ्यासात कडक नियंत्रणाने पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. टाइप २ मध्ये ब्रिटनच्या १९९८ सालच्या अभ्यासाने दाखवलं की नुसतं बीपी नीट ताब्यात ठेवलं तरी पडदा बिघडत जाण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी घटतं. बीपीची गोळी स्वस्त आहे, आणि लोक सगळ्यात आधी तीच सोडतात.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत मी आणखी एक ओळ लिहिते. वर्षानुवर्षं साखर ३०० च्या वर असलेल्या माणसाची साखर एकदम खाली आणली तर सुरुवातीचे काही महिने पडदा उलट बिघडू शकतो. म्हणून साखर खाली आणणं टाळायचं नाही, पण इन्सुलिन किंवा नवी जोरकस औषधं सुरू करण्याआधी पडदा बघून घ्यायचा आणि नंतर लवकर पुन्हा बघायचा. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन पडद्याच्या भीतीने कुणी बंद करू नये, हेही त्याच चिठ्ठीत.

पिशवी

आदल्या रात्री भरायची: कॅमेरा, त्याचे दोन चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड (शाळेतला प्लग हमखास सैल असतो), भिंग पुसायचं मऊ कापड, टेप आणि खडू, दोन्ही तक्ते, पिनहोल, बॅटरी आणि तिचे जादा सेल, दोन्ही प्रकारचे थेंब (बाटली फोडल्याची तारीख लेबलवर लिहून), कापूस, बीपीचं यंत्र, काळं कापड, सुतळी, रंगीत चिकटपट्टी, चिठ्ठ्यांचं पुस्तक, वही, तीन पेनं. हनुवटी टेकायची जागा प्रत्येकानंतर पुसायला स्पिरिट. आणि वरच्या कप्प्यात, चटकन हाताला लागेल अशी, साखरेची पुडी आणि बिस्किटं. निरोप कितीही नीट दिला तरी दोन जण उपाशी येतातच.